प्रेसवर डोळे झाकायचे नाहीत

मला शेठची नक्कल येते, सुपरवायझरची येते, फुलंब्री गाडीच्या कंडक्टरची येते. आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांची तर अशी येते की एकदा मी पडद्यामागून नुसतं "प्रिय मंडळी" म्हणलो, तर आतून आईनं पटकन डोक्यावर पदर घेतला. कोंबडा, म्हैस, चढावर दम सोडणारी रिक्षा, सगळं येतं. एकच आवाज येत नव्हता. मी घाबरल्यावर कसा बोलतो, ते मलाच ठाऊक नव्हतं.

ते कळलं पॉवर प्रेसमुळं.

शहरात उस्मानपुऱ्याच्या पुढं, स्टेशनाकडच्या जुन्या एमआयडीसीत एक लहानसं शॉप, म्हणजे वर्कशॉप, आहे. तिथं मी हेल्पर लागलो. काम सांगायला लई सोपं. खाली लोखंडी साचा, त्याला डाय म्हणतात. वरून हत्तीच्या पायासारखा एक ठोकळा येतो. मधी मी पत्रा ठेवायचा, हात बाहेर काढायचा. पलीकडं उभा असलेला ऑपरेटर पायडलवर पाय दाबणार, ठोकळा धाडकन खाली, पत्र्याला आकार. ठोकळा वर गेला की मी तयार पीस उचलायचा आणि दुसरा पत्रा ठेवायचा. दिवसभर एवढंच. शाळेतलं पोरगंबी करील. फक्त हात घालायची जागा आणि ठोकळा पडायची जागा एकच.

ऑपरेटर म्हणजे आमचे चाचा. गुलमंडीच्या मागं राहतात, दाढी पांढरी, बोलणं निम्मं दखनी निम्मं मराठी, आणि मला नावानं कधी बोलावलंच नाही. पहिल्या दिवसापासून मी पोट्टा. कामाची रीत त्यांनीच शिकवली. डायच्या खांबामुळं त्यांना तिकडून माझे हात दिसत नाहीत. म्हणून हेल्परनं हात बाहेर काढले की मान वर करून चाचांकडं बघायचं. नजरेला नजर मिळाली की मगच पाय. मशीनच्या आवाजात बोललेलं कोणाला ऐकू येत नाही, म्हणून तोंडाचं काम नाही. मी म्हणलो, चाचा, दिवसभर तुमच्या डोळ्यात बघायचं म्हणजे आपलं लगीनच लागलं की. चाचा म्हणले, मेरी वाली ने आजतक इतना नै देखा मेरेकु.

असं आम्ही हसायचो. पण पोटातलं सांगतो, मला लई भेव वाटायचं.

शॉपमधी चहा देणारा जो काका होता, तो आधी प्रेसवरच होता. त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं नव्हती. उरलेल्या बोटांत आणि अंगठ्यात तो कप असा काही धरायचा की बघतच राहावं. नवीन माणूस दिसला की मी त्याची नक्कल करून बघतो, सवयच आहे. पहिल्या दिवशी मी त्याच्यासारखा कप धरायला म्हणून दोन बोटं आत दुमडली, आणि माझाच हात बघून पटकन परत उघडली. त्या काकाची नक्कल मी परत केली नाही.

त्या मशीनच्या आवाजाचीबी करता आली नाही. तो आवाज कानातून येत नाही. पायातून चढतो आणि दाताच्या मुळाशी येऊन थांबतो. गाडीत बसून घरी निघालो तरी हर्सूल ओलांडेपर्यंत दात वाजायचे.

मग काम सोडायचं ना, असं कोणीबी म्हणंल. तिथंच खरी अडचण होती.

आमचं गाव फुलंब्रीपासून आत. ख्रिस्ती घरं थोडीच, सगळी एका गल्लीत. दर गुरुवारी संध्याकाळी आमच्या घरी प्रार्थनासभा भरते. शहरातून पाळकसाहेब मोटरसायकलवर येतात. सभेत आधी ज्याला त्याला विनंती विचारतात. कोणाचे गुडघे दुखतात, कोणाच्या पोरीचं जमत नाही, कोणाची शेळी हरवली, सगळं तिथं सांगायचं आणि मग सगळ्यांनी मिळून ते देवाकडं मागायचं. शिक्षण झाल्यावर मी घरी बसलो आणि गावभर नकला करीत हिंडायला लागलो, तेव्हापासून आमच्या सभेत एकच विनंती राह्यली, ती म्हणजे मी. मंडळीनं माझ्यासाठी उपास धरले. आमच्या शेजारच्या म्हाताऱ्या आत्यानं तर मला काम लागेपर्यंत चहा सोडला. आत्याचा चहा म्हणजे काय ते आमच्या गल्लीला विचारा.

मग काम लागलं. त्या रविवारी आमचे दादा, म्हणजे वडील, उपासनेत उभे राहिले. जल्मात माणसांपुढं तोंड न उघडणारा माणूस. त्यांनी साक्ष दिली. म्हणले, प्रभूनं आमच्या पोराला कंपनीत लावलं, तुमच्या सगळ्यांच्या प्रार्थनेचं उत्तर आलं. आणि तिथंच रडायला लागले. आत्यानं त्याच दिवशी दोन कप चहा पिला.

आता सांगा, मी घरी जाऊन काय म्हणू? की देवाचं उत्तर मला नको, त्याला वापस पाठवा? आमच्याकडं साक्ष दिलेली गोष्ट मोडत नाहीत. मोडली तर ती माझ्या एकट्याची मोडत नाही, सगळ्या मंडळीचे उपास वाया जातात.

म्हणून मी सोडलं नाही. मी प्रार्थना सुरू केली.

आमची प्रार्थनेची रीत पक्की. मस्तक लववायचं आणि डोळे झाकायचे. शब्बाथ शाळेत, म्हणजे चर्चमधल्या पोरांच्या रविवारच्या शाळेत, आमच्या बाई म्हणायच्या, डोळे उघडे ठेवले तर प्रार्थना छताला लागून खाली पडते. प्रार्थना झाल्यावर त्या बरोबर माझं नाव घ्यायच्या, तू उघडे ठेवले होतेस म्हणून. त्यांना कसं दिसायचं, हे विचारल्यावर मी कोपऱ्यात उभा राहिलो होतो. पण ती गोष्ट अंगात मुरली ती मुरलीच. झाकल्याशिवाय प्रार्थना लागत नाही, असं मला खरंच वाटायचं.

तर मी असं करायचो. पत्रा ठेवायचा, हात काढायचा, चाचांकडं बघायचं, त्यांचा पाय हलला की डोळे मिटायचे. प्रभू, राख. धाड. डोळे उघडायचे, पीस उचलायचा. परत पत्रा, परत नजर, परत प्रभू राख. पहिल्यांदा डोळे भेवामुळं आपोआप मिटायचे, प्रार्थना कधीतरी. मग प्रत्येक पिसाला. एखादा पीस तसाच गेला तर वाटायचं, पुढचा ठोकळा हातावरच येणार. हळूहळू डोळे मिटलेले असतानाच हात पीस उचलायला निघायला लागला. ठोकळा वर गेलेला असणारच, हे अंगाला पाठ झालं होतं. मी खूश होतो. दिवसभर मशीनवर उभा आणि दिवसभर प्रार्थनेत, असा माणूस पाळकसाहेबांनीबी बघितला नसंल.

एका गुरुवारी मशीननं डबल मारलं.

डबल मारणं म्हणजे पाय एकदाच दाबलेला असतो, पण ठोकळा वर जाऊन आपल्याच मनानं परत खाली येतो. आतली स्प्रिंग ढिली झाली की होतं तसं. मला हे ऐकून माहीत होतं, बघितलेलं नव्हतं. मी त्याबी वेळेला बघितलं नाही. माझे डोळे मिटलेले होते. प्रभू राख म्हणून झालं होतं, धाड झालं होतं, हात निघाला होता. आणि परत धाड झालं. बोटाला कोणीतरी हिसका दिला.

डोळे उघडले. हातमोज्याच्या मधल्या बोटाचं टोक डायमधी होतं. कागदासारखं चपटं. मी हात ओढला तसा मोजा टराटरा फाटला आणि टोक तिथंच राह्यलं. मला वाटलं, आतलं बोटबी तिथंच राह्यलं असणार आणि दुखणं मागून येईल. मी दुखण्याची वाट बघत उभा.

चाचांनी मेन स्विच पाडला. खांबाला वळसा घालून आले, माझा हात धरला, फाटका मोजा काढला आणि एकेक बोट दाबून बघायला लागले, बाजारात भेंडी बघतात तसं. सगळी होती. मग त्यांनी माझ्या खांद्यावर एक जोराची चापट हाणली.

"आंखां कायकू बंद थे तेरे?"

मी म्हणलो, "प्रार्थना करत होतो, चाचा."

"हर पीस पे?"

"हौ."

ते खाली पत्र्याच्या थप्पीवर बसले. म्हणले, मला वाटायचं तुझ्या डोळ्यात तेल उडतं म्हणून तू मिटतो. मग म्हणले, "देख पोट्टे, पढता तो मैं भी. रोज पढता. पन आंखां खुले रखके. मेरेकु तेरे हाथां नै दिखते. मेरेकु खाली तेरे आंखां दिखते. तू वोइच बंद कर लिया, तो मैं पाँव किसके भरोसे रखूं?"

मी फाटका मोजा उचलून खिशात घातला.

"हाथ तेरा जाता," चाचा म्हणले, "पन पाँव तो मेरा था ना."

हे मला कधी सुचलंच नव्हतं. मला वाटायचं भेव सगळं माझ्याच बाजूला आहे.

सुपरवायझर आला, मशीन बंद का म्हणून. माझं काम जाऊ नये म्हणून चाचांनी पत्रा अडकला असं सांगितलं. तो गेल्यावर मला म्हणले, उद्यापासून डोळे उघडे ठेवत असशील तर ये. नाही तर मी साहेबाला सांगून दुसरा हेल्पर मागून घेतो. रागानं नाही म्हणले. तोंड पुसत म्हणले.

त्या दिवशी गाडीत खिडकीजवळची जागा मिळाली, पण मला बसवत नव्हतं. मनात म्हणलं, आत्ताच शिकून घ्यावं. डोळे उघडे ठेवून प्रार्थना करून बघू. बाहेर बघत सुरुवात केली तर पाळकसाहेबांचा आवाज निघाला, "हे परमकृपाळू स्वर्गीय पित्या." तो सोडला, तर दादांचा निघाला, खोकल्यासकट. तो सोडला तर शब्बाथ शाळेच्या बाई. शेजारी बसलेला माणूस सरकून बसला. मला घाम फुटला. इतक्या लोकांचे आवाज माझ्या गळ्यात राहत होते, आणि ज्याचं बोट जाता जाता राह्यलं होतं त्याचा आवाजच नव्हता. डोळे झाकले की निदान अंधार तरी माझा असायचा. उघडे ठेवायचे म्हणल्यावर तोबी गेला. मला वाटलं, उद्या मी ना प्रार्थना करू शकणार, ना काम. आणि परवा दादांना सगळी गल्ली विचारणार.

घरी आलो तर सभा भरलेली. पाळकसाहेब हेल्मेट मांडीवर घेऊन सतरंजीवर बसलेले. विनंत्या सुरू होत्या. आईनं नेहमीसारखं सांगितलं, "मव्ह्या लेकराच्या कामासाठी देवाचे आभार माना." मग पाळकसाहेबांनी माझ्याकडं बघितलं, जरासे सावरून, कारण माझ्या विनंत्या म्हणजे काहीतरी चेष्टाच असायची.

मी म्हणलो, "मला भेव वाटतं. मशीनचं. मव्ह्या हातासाठी प्रार्थना करा."

असा चिरका, बारीक, मधीच फुटलेला आवाज निघाला की मीच दचकलो. आणि सगळे हसले. आत्या तर तोंडाला पदर लावून हसल्या. म्हणल्या, आज कोनाची नक्कल म्हनायची ही? पाळकसाहेबबी हसून म्हणले, ओळखू आलं नाही बुवा.

मी म्हणलो, "मीच आहे." तर अजून हसले.

खिशातून फाटका मोजा काढला आणि सतरंजीवर ठेवला. मधल्या बोटाला टोक नव्हतं. हसणं एकेकाचं बंद झालं. आत्याचं सगळ्यात शेवटी, त्यांना कमी दिसतं.

मग मी दुपारचं सगळं सांगितलं. डोळे झाकायचंबी सांगितलं. दादा खालीच बघत होते. हळूच म्हणले, काम सोडायचं म्हणतो का? मी साक्ष देऊन बसलोय. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, मलाच त्यांची कीव आली. पाळकसाहेबांनी घसा साफ केला. म्हणले, देवानं दिलेलं काम आहे, तोच धीर देईल, परीक्षेची वेळ असते. ते चांगलंच बोलत होते. पण मोज्याकडं बघायचं टाळत होते.

आईनं मोजा उचलला. त्याच्यात आपलं बोट घातलं. ते फाटक्या टोकातून बाहेर आलं.

"आपुन काम मागितलं," ती म्हणली. "हात मागायचे राह्यले."

पाळकसाहेबांनी हेल्मेट बाजूला ठेवलं आणि म्हणले, तर मग आज हात मागू. मस्तक लववा.

सगळ्यांनी डोळे झाकले. मी नाही झाकले. जल्मात पहिल्यांदा मी मंडळीला प्रार्थना करताना बघत होतो. दादांचे ओठ हलत होते आणि गळ्याचं हाड वर-खाली होत होतं. पाळकसाहेबांच्या कपाळाला इतक्या आठ्या, जसं त्यांनाच काहीतरी उचलायचंय. आईच्या हातात अजून तो मोजा. सगळे भ्यालेले दिसत होते. कोणी माझ्यासाठी, कोणी आपापल्यासाठी, काय माहीत. डोळे झाकले की माणसं अशी दिसतात, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. आणि तेवढ्यात आत्यांचा एक डोळा उघडा दिसला. त्या माझ्याकडंच बघत होत्या. नजरेला नजर मिळाली तशी त्यांनी गपकन मिटला.

माझी पाळी आली. मी म्हणलो, "प्रभू, मला लई भेव वाटतं. हात राख. चाचांचा पायबी राख. उद्यापासून डोळे उघडेच ठेवावे लागणार, रागावू नको. आमेन." तोच चिरका आवाज. ह्या खेपेला कोणी हसलं नाही. माझं भेवबी काही कमी झालं नाही, हे खरं सांगतो. पोटात होतं तिथंच होतं.

सकाळी शॉपमधी गेलो. चाचा आधीच मशीनजवळ उभे. त्यांनी भुवया वर केल्या. मी मान हलवली. पहिला पत्रा ठेवला, हात काढला, त्यांच्याकडं बघितलं. ते माझ्याकडं बघत होते. त्यांचे ओठ हलत होते. माझेबी हलायला लागले. प्रभू, राख. डोळ्यात पाणी आलं, पापणी खाली यायला बघत होती, तशीच ताणून धरली. धाड. ठोकळा खाली गेला तो पहिल्यांदाच मी बघितला. इतका जवळून जातो, हे माहीत असतं तर मी पहिल्याच दिवशी पळालो असतो.

असं चहापर्यंत चाललं. चहानंतर थोड्या वेळानं पत्रा दाबला, ठोकळा वर गेला, माझा हात निघाला, आणि मला ठोकळा वरती थरथरताना दिसला. नेहमी तो वर जाऊन गप्प बसतो. हात तिथंच थांबला. मी थांबवला असं म्हणत नाही. थांबला. आणि ठोकळा परत खाली आला, तयार पिसावर, माझ्या बोटांच्या वितीभर पुढं.

चाचांचा पाय पायडलवर नव्हताच. तो हवेत होता. त्यांनी मेन स्विच पाडला आणि तिथंच टेकले.

सुपरवायझर आला. म्हणला, रोजचं झालं का आता हे, मशीन कामून बंद केलं? चाचांनी तोंड उघडलं, पण त्यांच्याआधी मीच बोललो.

"साहेब, मला भेव वाटतं. मशीन डबल मारतंय. नीट होईस्तोवर मी आत हात घालणार नाय."

तोच आवाज. भर शॉपमधी, सगळी मशीनं चालू असतानाबी तो ऐकू गेला. बाजूच्या मशीनवरच्या माणसानं हात थांबवला. मी हसण्याची वाट बघितली. रोज ह्याच सुपरवायझरची मी ह्याच जागी नक्कल केलेली, त्याला वाटणारच की चाललंय काहीतरी. मनात म्हणलं, आता काढून टाकणार, आता दादा परत उभे राहून काय सांगणार.

सुपरवायझरनं माझ्या तोंडाकडं बघितलं. मग चाचांकडं. चाचा म्हणले, "मैं भी पाँव नै रखता, साब. पोट्टा सच्ची बोलरा." चहावाला काका किटली घेऊन दारात उभा होता. सुपरवायझरनं त्याच्या हाताकडं एकदा बघितलं, आणि मग फिटरला हाक मारली.

फिटर आला, मागचं झाकण उघडलं, आणि आत हात घालायच्या आधी मेन स्विच पडलाय का म्हणून दोनदा विचारलं. म्हणजे त्यालाबी भेव वाटतं. स्प्रिंग बदलायला बराच वेळ लागला. सुपरवायझर मधी मधी येऊन चिडत होता, आज माल निघणार नाही म्हणून. पण काम सुटलं नाही. दुपारनंतर परत त्याच मशीनवर उभं राहायचं होतं, परत हात आत घालायचे होते, आणि त्याचा विचार करूनच मला थंडी वाजत होती.

जेवायची सुट्टी झाली. डबा उघडला. आईनं भाकर आणि शेंगदाण्याची चटणी दिली होती. जेवायच्या आधी देवाचे आभार मानायचे असतात, ते मानले, डोळे मिटून, कारण डबा काही डबल मारत नाही. मग भाकर मोडायला गेलो तर मोडेना. हात इतके कापत होते की भाकर निसटून झाकणावर पडायची. दोनदा पडली.

चाचांनी ती उचलली, मोडली, निम्मी माझ्यापुढं ठेवली आणि निम्मी स्वतः खायला लागले.